विहारातला नवा आवाज

१४ जुलै
वर्षावास सुरू. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन. लग्न होऊन शिरपूरला आले तेव्हापासून वाचणारी मीच. यंदा कमिटीचे मधुभाऊ नवं पुस्तक घेऊन आले, ऐकायचं. मोबाइलात, शेजारी स्पीकर.
"वहिनी, आता घसा दुखवायचं काम नाही. हे आपोआप वाचते."
सगळे खूश. मीही हसले. बरं वाटलं नाही.

१५ जुलै
मोबाइलातल्या बाईचा आवाज गोड आहे. अडखळत नाही, खोकत नाही. मत्सर वाटतो, लिहूनच टाकते. आमच्या प्रज्ञाला, आठवीतल्या, सांगितलं तर म्हणे, "आमच्या शाळेत बी धडा टॅबच वाचते. मम्मी, तुले एवढं काहून लागून राह्यलं?" पोळी करपली.

१८ जुलै
चुलतसासू कौसाकाकू. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण मी वाचताना सारखी अडवायची, "थांब वं, हे काय सांगतलं?" मग मी सोपं करून सांगायचे, दुसरं कुणी वाद घालायचं. कधी कधी एका पानातच संध्याकाळ जायची. आज तिनं स्पीकरलाच थांब म्हटलं. पोरी फिदीफिदी हसल्या.

२० जुलै
काकू आलीच नाही. घरी गेले. आधी गुडघ्यांचं निमित्त, मग हळूच, "त्याले विचारता येत नाही ना माय. मी कायले येऊ?"
मधुभाऊंना जरा जोरातच बोलले. तर म्हणाले, "मंग बटन तुमीच धरा. काकूनं विचारलं का थांबवा." चला, बढती झाली माझी.

२३ जुलै
काकूला हाताला धरून आणलं. मोबाइल माझ्या मांडीवर. बऱ्याच वेळानं काकू म्हणाली, "थांब वं. आता सांगतलं त्याचा अर्थ काय?" मी ऐटीत बटण दाबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला काही आठवेना. आवाज कानावर पडत होता. मी मात्र शेतात निंदणाला बाया मिळतील का, या विचारात. स्वतः वाचत होते तेव्हा असं कधी...
"सांग ना माय."
मधुभाऊंनी मोबाइल घेऊन मागचं पुन्हा लावलं. या वेळी कान देऊन ऐकलं. अर्धंच कळलं.
काकू अजून माझ्याच तोंडाकडे बघत होती.