जावयासाठी दुसरं दार

तीर्थस्वरूप एफी अक्का हिला धाकट्या मर्नाचा नमस्कार.

इकडे कुर्कारात आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या किडन्या काय म्हणतात? आलिस स्प्रिंग्जच्या वसतिगृहात अजून तोच उकडलेला कोबी वाढतात का? आपल्या दवाखान्यात रक्त धुण्याचं यंत्र येऊन चार महिने झाले आणि तू अजून तिकडेच, कारण घरात तुला निजायला जागा नाही. हे मला सोसत नाही, अक्का. म्हणून मी खोलीच्या मागे लागले आहे आणि ती पदरात पडेपर्यंत सोडणार नाही.

तुला माहीतच आहे, खोल्या तीन, माणसं चौदा (कुत्री धरलेली नाहीत). आता सरकारने ठरवलंय की गर्दीच्या घराला एक खोली वाढवून द्यायची. त्यासाठी गृहखात्याची हॅडलीबाई नकाशा घेऊन आली. पोरगी वाईट नाही, घाई मात्र फार. नवी खोली तुझी-माझी, आणि तिच्यात जायची वाट आपली लेक रोसाली आणि जावई यांच्या खोलीतून! म्हणजे दोन सासवांनी रोज जावयाच्या अंथरुणावरून संडासला जायचं. मी तिला सांगितलं, आम्हा आदिवासींत सासू-जावई एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, हा मान असतो. आणि सासूची बहीण हीसुद्धा सासूच. तिने वहीत ‘मावशी’ एवढंच लिहिलं. बारा वर्षांत मी जावयाचं तोंड पाहिलेलं नाही. मी दारात दिसले की बिचारा खिडकीतून जातो. त्यापायी चौकट दोनदा निखळली, तर बाईने ती भाडेकरूंची नासधूस म्हणून टिपून घेतली.

खोलीच्या अर्जावर सह्या करायला मी आणि जावयाने एका टेबलाशी बसायचं, असा नियम निघाला. मी डोक्यावरून घोंगडी घेऊन पाठमोरी ओट्यावर, जावई पाण्याच्या टाकीमागे, आणि आमची रोसाली कागद घेऊन मधे फेऱ्या मारतेय. हॅडलीबाई नुसती बघत होती आणि लिहीत होती. पुढच्या आठवड्यात नव्या नकाशाऐवजी आला एक दाढीवाला समुपदेशक, आमच्या घरातलं भांडण मिटवायला!

“जावयाचा राग येतो का?” त्याने हळूच विचारलं.

“राग असता तर समोर उभी राहून भांडले असते की,” मी म्हटलं. “पाठ फिरवते ती माया आहे म्हणून.”

ते त्याला झेपलं नसावं. त्याने आम्हाला हात हातात घ्यायला सांगितलं. जावई कुंपणावरून जो गेला तो कांगारूची शेपटी भाजून झाल्यावरच परतला.

मग मी बाईच्या गाडीपुढे घोंगडी पसरून बसले. म्हटलं, भिंत तुझीच, विटा तुझ्याच, नव्या खोलीला फक्त बाहेरून एक दार दे. ती म्हणाली, नकाशा सगळ्या वस्त्यांना एकच आहे. मी म्हटलं, जावईसुद्धा सगळ्या वस्त्यांत आहेत. दुपारी तिने मला सँडविच दिलं, मी तिला चहा दिला. चार वाजता तिने पेन्सिल काढली आणि नकाशावर दार काढून खाली सही केली. उन्हाने माझं डोकं ठणकत होतं, पण त्या दिवशी मी घरी गात गेले.

बाकी क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
मर्ना

ता. क. दार मंजूर आहे, खोली नाही. खोलीला घरात पंधरा माणसं लागतात, आणि ती कागदावर नाही, डोळ्यांसमोर. मोजणी गुरुवारी सकाळी. पंधरावं माणूस तू. पिशवी भर. शुक्रवारी यंत्रावर तुझी पाळी नर्सबाईकडून लावून घेतली आहे. वसतिगृहाला मी कळवते.

आणखी ता. क. बुधवारी तुला आणायला गाडी येईल. रोसाली सोबत असेल, पण चालवणार जावई, कारण परवाना त्याच्याकडेच आहे. त्याच्या पाठीमागे मी चादर शिवून टाकली आहे. मागचा आरसा त्याने स्वतःच काढून ठेवला. चारशे किलोमीटर एक शब्द काढू नकोस. काच खाली करायची तर रोसालीला खूण कर. बांधकाम होईपर्यंत तुला त्याची खोली आहे, आणि तो त्याच गाडीत झोपणार आहे. हे त्याने कोणाला विचारलं नाही, नुसतं अंथरूण उचललं. तुला त्याचे आभार मानावेसे वाटतील. मानू नकोस. मीसुद्धा इतकी वर्षं ते गिळूनच बसले आहे.