झाकण्याआधी शून्य

३ नोव्हेंबर, सोमवार

रश्मी, लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. तू ही वही हातात देऊन आठ दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतोय. रोज चार ओळी लिहा, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील आणि तुमचं काय चाललंय ते मलाही कळेल, असं तू म्हणाली होतीस. पानांचे फोटो काढून तुला मोबाईलवर पाठवत जाईन.

देवळाली प्रवऱ्यात बरं चाललंय. कॉलेज गावाबाहेर आहे, तिन्ही बाजूंनी ऊस. राहायला प्रयोगशाळेमागची खोली मिळाली. तुझ्या आईचा फोटो खिडकीशेजारी लावलाय, पण ऊन लागणार नाही अशा बेताने. राहुरीच्या शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, तरी या वयात नववी नापास माणसाला पुन्हा कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं. इथला आधीचा परिचर सूर्यभान सप्टेंबरात कामावर असतानाच खुर्चीत गेला, म्हणून ही जागा झाली. त्याच खुर्चीवर बसायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. मी चादरीची घडी घालून घेतली.

विभागप्रमुख राजेश्वरी मॅडम तरुण आहेत, फार नीटनेटक्या. पहिल्याच दिवशी मी जाड मार्करने कागद लिहून भिंतीला चिकटवला : ‘मोजण्याआधी शून्य. झाकण्याआधी शून्य.’ आमच्या शाळेतल्या मच्छिंद्र सरांचा नियम. स्क्रू गेज असो की ताणकाटा, शून्यावर आणल्याशिवाय फडकं टाकायचं नाही. मॅडमना तो कागद फार आवडला. म्हणाल्या, हे मुलांनीच काय, मीही शिकायला हवं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमनी आज एक पांढरी डबी पुढ्यात ठेवली. साबणाच्या डबीएवढी. तिला चार भोकं आहेत, त्यांत तापमानाचा, दाबाचा, नाडीचा असे सेन्सर जोडायचे. दुसऱ्या टोकाची यूएसबी केबल कॉम्प्युटरला. मग सेन्सर जे मोजेल त्याची रेघ पडद्यावर चालत राहते आणि आकडे आपोआप साठतात. पूर्वी मुलं घड्याळ लावून वहीत उतरवायची, ते काम आता डबी करते. फक्त सप्टेंबरपासून कॉम्प्युटर तिला ओळखत नाही. ‘उपकरण सापडले नाही’ एवढंच दाखवतो. पुण्याहून माणूस येऊन हात टेकून गेला. वीस तारखेला तपासणी समिती येणार आहे.

ऑफिसातले वैजनाथ क्लार्क दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “आता नववी नापास शास्त्रज्ञ दुरुस्त करणार. सूर्यभान निदान दहावीला तरी बसला होता.” मी डबी पुसत राहिलो. मला ही नोकरी टिकवायची आहे. तुझ्यावर भार होऊन राहायचं नाही.

सूर्यभानचं रजिस्टर चाळलं. शेवटच्या पानावर एकच ओळ तीनदा लिहिली आहे : केबल हलवू नये. म्हणजे दोष केबलमध्येच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! केबलचं टोक सैल होतं, ते बदललं. पुढच्या खोबणीतून काढून कॉम्प्युटरच्या मागच्या खोबणीत लावलं. जुना ड्रायव्हर, म्हणजे डबी आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषाच म्हण, काढून टाकला आणि नवीन घातला. प्रत्येक पायरी आधी कागदावर इंग्रजी अक्षरं जुळवत लिहून घेतली होती. साडेअकराला हिरवा दिवा लागला.

चाचणीसाठी नाडीची चिमटी बोटाला लावून बघितली. प्रत्येकाचं नाव यादीत टाकावं लागतं, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. यादीत सूर्यभानचं जुनं नाव होतंच. आमच्यात पहिला कॉलेजच्या बागेतला गहिनीनाथ माळी. हात धोतराला पुसून बोट घातलं. चौसष्ट ठोके. रेघ बघून म्हणाला, “लई भारी हाय की. आत बसून वाजवतंय कोन?” मग वैजनाथ. त्यांचा ठोका मध्येच एखादा चुकतो, रेघेत खड्डा पडतो. तिसरा मी. मॅडमना म्हटलं तर त्यांनी हात पाठीमागे घेतला. हसून म्हणाल्या, मला नको.

९ नोव्हेंबर, रविवार

तुझ्या वर्गातल्या मुलांना आज सुट्टी, म्हणून तू काष्टीहून आलीस. तीन एसट्या बदलून, डब्यात मेथीची भाजी घेऊन. तुला डबी दाखवली. तूही बोट घातलंस, मी तुझं नाव टाकलं. शहात्तर. किती सरळ, एकसारखी रेघ! तुला एसटीत बसवून दिल्यावर पुन्हा येऊन बघत बसलो होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

डबीत नवीन बिघाड आहे. चिमटी खोक्यात ठेवलेली, चारही भोकं रिकामी, तरी पडद्यावर रेघ उडतेय. भिंतीवरच्या घड्याळाशी मोजली. मिनिटाला चौसष्ट. मॅडम म्हणाल्या, रिकाम्या भोकाला आसपासच्या वायरींमधला करंट लागतो, अर्थिंग बघा. मी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घातलं. केबल तशीच ठेवून कॉम्प्युटर यूपीएसच्या बॅटरीवरही चालवून पाहिला. तरी चौसष्ट. शेवटी मॅडम कंटाळल्या. म्हणाल्या, तुमचाच नियम लावा की.

पाच वाजता झिरोचं बटण दाबलं. रेघ सपाट झाली. हिरवं फडकं टाकलं आणि कुलूप लावलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गहिनीनाथ गेला. काल संध्याकाळी झाडांना पाणी घालत होता. अशोकाच्या झाडाखाली बसलेला सापडला, पाइप हातातच. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. वैजनाथ म्हणाले, पाणी तरी बंद करून मरायचं, लॉनचा चिखल केला. दोघेतिघे हसले. मीही हसलो असेन. आठवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा रेघ. या वेळी ब्याऐंशी. मध्येच एक ठोका चुकतो. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. अर्थिंगवाल्याला बोलवा म्हटलं तर मॅडम चिडल्या. समितीसमोर अशी रेघ दिसली तर आपलं दोघांचंही काही खरं नाही म्हणाल्या. पाच वाजता झिरो केलं, झाकलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वैजनाथ क्लार्क काल घरी पोचलेच नाहीत. कॉलेजच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते. झोपलेत असं सगळ्यांना वाटलं. बस फाटकाबाहेर पडते पाचला.

दुपारी सात तारखेची साठवलेली नोंद उघडली. वैजनाथांची रेघ. तोच खड्डा, दर नवव्या ठोक्याला. कालच्या रेघेतही दर नवव्याला होता.

यादी पाहिली. सूर्यभानचं नाव करडं झालंय. गहिनीनाथचं करडं. वैजनाथांचं करडं. त्याखाली दोन नावं अजून काळी आहेत. माझं. आणि तुझं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी रेघ सुरू. मनगट धरून उभा राहिलो. पडद्यावर ठोका, बोटाखाली ठोका. एकदमच. टेबलाला धरून वीस उठाबशा काढल्या. रेघ पळाली. दम घेतला तशी हळू झाली.

पाच वाजले. झिरो केलं नाही. उघडंच ठेवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, सूर्यभानपण अगदी हेच म्हणत होता, केबलला हात लावू देईना. मग त्याचा वेडेपणा जावा म्हणून मीच केबल उपटून दाखवली. मी विचारलं, मग? म्हणाल्या, मग काय, वय झालेलं होतं त्याचं. योगायोग.

डोळ्यांत जरासुद्धा काही नव्हतं. आणि म्हणाल्या, जास्त बोलाल तर तुमच्यासमोरही उपटून दाखवीन.

दुपार — पक्कड घेऊन चिमटीची वायर तोडली. आता कुणाचंही बोट आत जाणार नाही. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. मग यादी उघडली. नावावर फुली असते, ती दाबली की नाव जातं. माझ्या नावावरची फुली दाबली.

नाव गेलं. रेघ थांबली. मी जिवंत होतो. खोलीत जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

१५ नोव्हेंबर, चार वाजता

शहात्तर. सरळ, एकसारखी.

रश्मी, मी हे काय केलं —

१६ नोव्हेंबर, रविवार

तुझ्याही नावावरची फुली दाबली. जात नाही. ‘यादीत किमान एक चालू नाव हवे’ असं येतं. करडी नावं तो मोजत नाही. माझं पुन्हा टाकायचं तर कॉम्प्युटर बोट मागतो. चिमटी मीच तोडली. आधी तुझं काढलं असतं तर मी एकटा उरलो असतो. आधी स्वतःला सोडवलं. बापाने.

नवीन चिमटी पुण्याहून मागवली. बुधवारी येईल. ती आली की माझं नाव टाकतो, तुझं काढतो. तीन दिवस. फक्त तीन दिवस केबल हलू द्यायची नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तुला फोन केला. खरं सांगायची हिंमत झाली नाही, तेरा तारखेपासूनची पानंही पाठवली नाहीत. म्हटलं, शाळेचा जिना चढून दाखव, तुला दम लागतो का बघू. तू हसलीस. “अण्णा, तुम्हाला तिथे करमत नाही का हो?” म्हणालीस आणि हसत हसत चढलीस.

रेघ चढली.

खुर्ची डबीला लावून बसलोय. चहा नाही, जेवण नाही. मुलं बाहेरून बघून जातात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपार — शहात्तर. केबल मुठीत धरलीय. घामाने ओली झालीय मूठ.

तीन — अठ्ठ्याहत्तर. वर्गात शिकवत असशील.

चार वीस — मॅडमनी ऑफिसात बोलावलंय. समितीसाठी ओळखपत्राचा फोटो. नको म्हटलं. पुन्हा निरोप. आता न गेलात तर आजच खोली सोडा. खोली सोडली तर इथे बसणार कोण — दहाच मिनिटं. दाराला कुलूप लावून —

चार चाळीस

दुसरी किल्ली मॅडमकडे होती.

डबीवर हिरवं फडकं. चारही कोपरे सारखे. मॅडम टेबल पुसत होत्या. म्हणाल्या, “विसरलात ना भाऊसाहेब? उद्याच्या तयारीसाठी आज लवकर बंद केलं. झाकण्याआधी शून्य. तुमचाच तर कागद आहे.”

फडकं काढलं. रेघ सपाट —

यादी उघडत नाही.

फोन लावला. वाजतोय. नुसता वाजतोय. शाळा सुटत असेल. पर्स बाकावर असेल. गाडीवर असशील, गाडीवर तू उचलत नाहीस, मीच शिकवलंय —

पुन्हा लावला. वाजून थांबला.

या पानाचा फोटो पाठवतोय. लपवलेली पानं मघाशी पाठवली, त्यांवर दोन खुणा आल्यात, निळ्या झाल्या नाहीत. काही लिहू नकोस मोठं. नुसतं हो लिही. नाहीतर मिस्ड कॉल दे, रश्मी, एक मिस्ड कॉल. लवकर कळव, बाई माझी. लवकर कळ—