अनुकंपी तुझीच आहे

अमरावती,
२ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझा फोन महिनाभर बंदच. अंकुशला विचारलं, तर म्हणाला की रिंग वाजली की आईच्या छातीत धडधडतं, म्हणून तिने फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला आहे. बाबा गेल्याची बातमी त्याच रिंगवर आली होती, तेव्हा मी काय बोलणार? म्हणून लिहायला बसले. नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडम पोस्टात तिकिटं घ्यायला जातात म्हणून माझ्या विद्यार्थिनी हसतात. हसू देत.

अंकुशच्या अर्जाचं काय झालं? बाबांची कालव्यावरच्या चौकीदाराची जागा पाटबंधारे खातं घरातल्या एकाला अनुकंपावर देतं आहे. माझी ना-हरकत मी पाठवली, तुझी तेवढी राहिली आहे. सानगडीच्या मुलीकडच्यांनी प्रतिक्षाचं आणि त्याचं लग्न त्या जागेवर अडवून धरलं आहे, त्यामुळे तो रोज मलाच छळतो. सही का करत नाहीस? आणि जेवतेस ना?

माझ्यावर रागावली असशील तरी दोन ओळी लिहीच.

तुझी,
तृप्ती

अड्याळ,
९ सप्टेंबर

चि. तृप्तीस,
मंगल आशीर्वाद.

पत्र मिळालं. निंदण झालं. धान बरं आहे. पाळीव कोंबडी मुंगसाने नेली. घरी सगळं ठीक.

शेजारची सत्यभामाबाई सगळ्यांना विचारत फिरते की ही बाई रडत काहून नाही, हिले काही वाटत नाही का. तिचं खरं आहे. मला काही वाटत नाही. तुझ्या बाबांचा सदरा धुतला, वाळवला, घडी घातली, तेव्हाही काही वाटलं नाही. पण अंग ऐकत नाही. हातपाय थंड असतात आणि तळवे ओले. तोंडाला कोरड पडते, घास गिळत नाही. बसल्या जागी धडधड सुरू होते, जशी काही मी धावत आले. अंकुशने कागद पुढे ठेवला की पेन बोटांतून घसरतो. डॉक्टरने छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढून पाहिली आणि हृदय चांगलं आहे म्हणाला.

तू मुलींना हेच शिकवतेस ना? मग हे काय आहे ते कळव.

तुझी,
आई

अमरावती,
१४ सप्टेंबर

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला वेड लागलेलं नाही, एवढं आधी सांगते.

पाठीच्या कण्यातून, छातीपासून कमरेपर्यंत, नसांचं एक जाळं निघतं. संकट आलं की ते मनाला न विचारता कामाला लागतं. हृदय जोरात चालवतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करतं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना रस सोडायला लावतं. तलावाचं पाणी कमी असलं की बाबा धानाच्या काही बांध्यांचं पाणी तोडून दुसरीकडे वळवायचे, तसं ते रक्त वळवतं. कातडीचं आणि पोटाचं तोडून हातापायांच्या स्नायूंना देतं, म्हणजे माणसाला लढता येईल किंवा पळता येईल. म्हणून तुझे हात थंड आणि भूक मेलेली. संकट टळलं की दुसरं जाळं, परानुकंपी, सगळं शांत करतं. तुझ्या अंगाला संकट टळल्याचं अजून कळलेलंच नाही. लढायला कोणी नाही, पळायला जागा नाही, आणि तयारी मात्र चालूच.

पुस्तकात या जाळ्याला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. हे नाव ठेवणारा नक्कीच सरकारी बाबू असणार! सत्यभामाबाईंना काय बोलायचं ते बोलू दे. अनुकंपी तुझीच आहे. तिच्याबद्दल तू कोणाला उत्तर द्यायचं नाहीस, अंकुशलाही नाही.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर चालत जा. श्वास घेशील त्याहून हळू सोड. आणि माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
तृप्ती

अड्याळ,
२७ सप्टेंबर

चि. तृप्तीस,
मंगल आशीर्वाद.

तू लिहिल्याप्रमाणे केलं. हल्ली वाचलेलं डोक्यात थांबत नाही, पण ती एक ओळ थांबली, की अनुकंपी तुझीच आहे, कोणाला उत्तर द्यायचं नाही. सोमवारी अंकुश लाखनीला गेला होता, तेव्हा मी एकटी कार्यालयात गेले आणि अर्जावर माझं नाव लिहिलं. वय त्रेचाळीस, दहावी पास. मृताशी नातं, पत्नी. पेन घसरला नाही.

बाबू हसला. म्हणाला की बाई, हे पोरासाठी असते, तुमच्यानं गेटाचं चाक फिरन का? मला राग आला. दीड महिन्यात काही वाटलं ते एवढंच. त्याला म्हटलं की वीस वर्षं त्यांना ताप आला की ते चाक कोण फिरवत होतं, ते गावात विचारून ये.

अंकुश दोन दिवस जेवला नाही.

तुझी,
आई

अमरावती,
२ ऑक्टोबर

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

अगं, काय केलंस हे! मी नसांबद्दल लिहिलं होतं. अनुकंपी म्हणजे अंगातलं जाळं, नोकरी नव्हे. चूक माझीच, इतकं अवघड लिहायला नको होतं. अंकुश फोनवर रडला गं. पंधरा तारखेपर्यंत अर्ज बदलता येतो म्हणे. तुला नक्की काय हवं आहे ते एकदा सरळ सांग. जे सांगशील ते मला चालेल.

तुझीच,
तृप्ती

अड्याळ,
९ ऑक्टोबर

चि. तृप्तीस,
मंगल आशीर्वाद.

चूक झाली हे खरं. माझी मलाच लाज वाटली. बाबूने कोरा अर्ज दिला, तो घरी आणला. पण अंकुशचं नाव लिहवेना. मग का लिहवत नाही, ते त्याला सांगून टाकलं. तुलाही सांगते.

तुझ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वरण वाढत होते. ओसरीवर अंकुश त्याच्या दोस्ताला, टेकचंदला, सांगत होता की बाबा रिटायर होऊन गेले असते तर जागा गेली असती, बरंच झालं. ते मी ऐकलं. त्यानंतर आत काही शिरलंच नाही, दुःखही नाही.

तो मले तसं नव्हतं म्हणायचं, एवढंच म्हणत राहिला. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तू वाईट नाहीस. पण त्या जागेवर बसलास की दर पगाराला तुझं ते बरंच झालं खरं होत राहील, आणि ते मला पाहवणार नाही. जागा आपण घेणार नाही, हे सानगडीला तो स्वतःच सांगून आला. प्रतिक्षाच्या वडिलांनी चहाही विचारला नाही. ती मात्र रस्त्यापर्यंत सोबत आली म्हणे.

काल आम्ही दोघं कार्यालयात गेलो. माझ्या अर्जाला त्याची ना-हरकत लागते आणि तिच्यावर कारण लिहावं लागतं. बाबू त्याला म्हणाला की स्वखुशीने असं लिही, सगळे तेच लिहितात. अंकुशने लिहिलं, आईले पाहिजे.

मी ते वाचलं आणि तिथेच बाकावर बसून रडले. मोठ्याने रडले गं, लोक उठून पाहायला आले. बाबू पाणी घेऊन धावला, तर अंकुश त्याला म्हणाला की राहू द्या, रडू द्या तिले.

माझ्या नावाने तुझी नवी ना-हरकत पाठव. कारण काय लिहायचं ते तू ठरव.

तुझी,
आई