उंचीप्रमाणे जोड्या

रविवार, ७ मार्च

चेलोमावशीने आज जोड्या लावल्या. उंचीप्रमाणे! झालं, संपलंच सगळं!

आमच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात, आणि माझ्या वाढदिवसाच्या वॉल्ट्झ नाचाची आज पहिली तालीम होती. कांद्याची शेड सध्या रिकामी आहे आणि पप्पा काढणीच्या टोळीचे मुकादम, म्हणून रविवारी ती आम्हाला मिळते. सात मुली, सात मुलगे आणि मधे मी. आमची चुलत-मावस भावंडं सगळी अजून फ्लोरिडात टोमॅटो तोडतायत, म्हणून निम्मे जण शाळेतले आहेत. मावशीने सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत गेली आणि सगळ्यांत उंच मुलगी सगळ्यांत उंच मुलाच्या हाती दिली. मेक्सिकोत, तिच्या मोरेलियात, असंच करतात म्हणे. रांग पायरीपायरीने उतरली पाहिजे, नाहीतर फोटोत पडक्या दातांसारखी दिसते.

सगळ्यांत उंच मुलगी म्हणजे लेकन, माझी तिसरीपासूनची मैत्रीण. सगळ्यांत उंच मुलगा टव्हारिस. जीवशास्त्राला माझ्या शेजारी बसतो, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. लेकन गोरी, टव्हारिस काळा. मावशीला जॉर्जियात येऊन वर्षही झालेलं नाही. तिला फक्त दोन ताडमाड पोरं दिसली.

टव्हारिसने आधी पँटला हात पुसले, मग तिचा हात धरला.

सोमवार, ८ मार्च

मावशीला समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, शाळा संपताना इथे दोन नाच असतात. गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. शाळा म्हणते आमचा संबंध नाही, पालक आपापला करतात.

"एकाच शाळेत शिकतात ना?"

"हो."

"एकाच वर्गात?"

"हो गं."

"मग नाचताना काय होतं? पायांना लाज वाटते?" मावशी पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. पिठाचा सगळीकडे धुरळा. "आणि आपली पोरं कुणाच्या नाचाला जातात?"

चुय म्हणाला, "मी दोन्हीकडे जाणार. दोन्हीकडे जेवणार." तो माझा मोठा भाऊ आहे आणि त्याला सगळ्याचा विनोदच सुचतो. मावशी खो खो हसली. मला हसू आलं नाही, कारण तिचा प्रश्न तसाच राहिला. गेल्या वर्षी आमच्यातलं कोणीच कुठे गेलं नव्हतं. कोणी बोलावलंच नव्हतं, आणि कोणी येऊ नका असंही म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, १२ मार्च

टव्हारिस म्हणाला, "मला त्या मारिसोलबरोबर टाकलंस तरी चालेल हं. खरंच." मारिसोल आमच्यातली, शेतावरची. मी म्हटलं, मुळीच नाही! किती भिडस्त मुलगा आहे!

रविवार, १४ मार्च

दुसरी तालीम. जमिनीवर गेल्या वर्षीची कांद्याची टरफलं आहेत, झाडली तरी कोपऱ्यातून निघतच असतात. आमच्यातला बेतो घसरला आणि मारिसोलला घेऊनच पडला. सगळे हसून लोळलो.

पण लेकन आणि टव्हारिस! दोघांची पावलं इतकी जुळतात की मावशी बाकीच्यांना थांबवून म्हणाली, "बघा, शिका." लेकन लाल झाली. आतापर्यंत उंचीमुळे तिला कोणी नाचायला विचारलं नव्हतं, हे मला एकटीलाच माहीत आहे.

मंगळवार, १६ मार्च

मिस रीटाने शाळेच्या दारात गाठलं. लेकनची आई. मला दातांच्या डॉक्टरकडे ती घेऊन गेली होती, माझा हिवाळ्याचा कोट तिनेच दिलेला. तिचं माझ्यावर प्रेम आहे, खोटं कशाला लिहू.

गाडीत बसवलं, एसी लावला. म्हणाली, "बाळा, माझ्या मनात काही नाही. टव्हारिस किती सभ्य मुलगा! पण तुला ठाऊक आहे ना हे गाव. लेकनच्या आजोबांना कोणीतरी सांगणारच. त्यापेक्षा तू असं कर — तिला त्या बेतोबरोबर लाव."

बेतो लेकनच्या खांद्याला लागतो!

तिने माझ्या गालावर हात फिरवला. "नाहीतर मला तिला पाठवता नाही येणार गं."

घरी चालत येताना सुचलं. म्हणजे बेतो तिला चालतो. आम्ही चालतो. कधीपासून चालायला लागलो? उद्या चालेनासे झालो तर ते कोण सांगणार? आनंद व्हायला हवा होता बहुधा. झाला नाही.

बुधवार, १७ मार्च

घरात रणधुमाळी.

पप्पा म्हणाले, "जोडी बदल. आपण इथे भाकरीसाठी आलोय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

आई म्हणाली, "लेकनचा झगा अर्धा शिवून झालाय." आईचं हे असंच. हो म्हणाली की नाही, ते कळतच नाही.

मावशी म्हणाली, "बेतोबरोबर लावली तर बदकाशेजारी करकोचा दिसेल. मी नाही बदलणार. माझी रांग आहे."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाढदिवस माझा! लेकनशिवाय मला तो नको आहे. तिसरीत मला एक शब्द इंग्रजी येत नव्हतं तेव्हा तिने तिचा डबा मधे सरकवला होता. पण तिच्या आईचं ऐकून टव्हारिसला बाजूला केलं, तर मी कुणासारखी झाले? इकडे आड, तिकडे विहीर.

म्हटलं, जोडी बदलायची नाही. आवाज जरा चिरकला, पण म्हटलं. पप्पा उठून अंगणात गेले.

रविवार, २१ मार्च

लेकन आली नाही. मावशीने टव्हारिसच्या हातात झाडू दिला. "ही घे तुझी मुलगी. जरा बारीक आहे, सांभाळून." त्याने झाडूला वाकून नमस्कार केला आणि अख्खा वॉल्ट्झ नाचला. बेतोच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

निघताना मात्र टव्हारिस म्हणाला, "अरासेली, बदल ना जोडी. कशाला उगाच." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे!

सोमवार, २९ मार्च

लेकन दुपारी माझ्याच टेबलावर बसते. जेवते, बोलते. नाचाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

रविवार, ११ एप्रिल. ईस्टर

ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस संपले. फादर म्हणाले, आता खुशाल नाचा. पप्पा म्हणाले, लवकर नाचा, पुढच्या सोमवारपासून काढणी आहे.

आईने लेकनचा झगा पूर्ण केला. निळा. हँगरला लावून दारामागे टांगलाय.

रविवार, १८ एप्रिल

ती आली! ती आली, आली, आली!

क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन. काल वाढदिवसाची चर्चमधली प्रार्थना झाली, लेकन नव्हती. शेडला दिवे लावले होते, आईच्या मोलेचं, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या रश्शाचं, पातेलं चौघींनी मिळून उचलून आणलं, केकवर चुयने चुकून कोपर टेकवलं. टव्हारिसला त्याच्या आजीने आणलं होतं. मिस ओडेसा. टोपी, हातमोजे, पांढरे बूट. आमच्याकडच्या समारंभाला ती पहिल्यांदाच आली. पप्पांनी स्वतः जाऊन खुर्ची दिली.

मग रीतीप्रमाणे पप्पांनी माझे सपाट बूट काढून उंच टाचांचे चढवले. गुडघ्यावर बसून. त्यांचे हात कांद्याने कायमचे चिरलेत, पट्टा लागता लागेना. मी रडले, तेही रडले, मग नाक ओढून म्हणाले, "चल, ऊठ, पडू नकोस म्हणजे झालं."

मावशी रांग लावत होती. टव्हारिसच्या शेजारी जागा मोकळी. आणि मागच्या दारातून लेकन! चिखलाने भरलेले बूट, शेतातून चालत आलेली. आजोबांकडे जेवायला गेली होती, पोटात दुखतंय म्हणून उठली. "झगा कुठे आहे?" एवढंच म्हणाली. आईने दात घासायला लागतो तेवढ्या वेळात तिला त्यात घातलं.

आणि नाचली दोघं! रांग पायरीपायरीने उतरली. मावशी ओठांत आकडे मोजत होती आणि डोळे पुसत होती. संगीत संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेतावरच्यांनी, शाळेतल्यांनी, सगळ्यांनी. आभाळ कोसळलं नाही. काही म्हणजे काही झालं नाही! इतक्या वर्षांचं सगळं उगाच होतं, एक नाच लागला फक्त. मला इतकं मोठं झाल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

पप्पा आज सकाळी म्हणाले, "तुझं बरोबर होतं, पोरी." हे वाक्य या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवार, १९ एप्रिल

मिस रीटाने लेकनला महिनाभर शाळेशिवाय कुठे जायचं नाही म्हणून घरी बसवलंय. लेकन म्हणाली, वसूल आहे!

जीवशास्त्राच्या तासाला टव्हारिसला म्हटलं, बघ, झालं का काही? उगाच भीत होतात सगळे.

तो बेडकाच्या आकृतीला नावं देत होता. मान वर न करता म्हणाला, "आजी पूर्ण वेळ दारापाशी होती. गाडीची किल्ली मुठीत धरून. रस्त्यावर गाडीचे दिवे दिसले की उभी राहायची, कोणी मला शोधत आलं की काय म्हणून. ताटाला हात लावला नाही तिने. घरी पोचल्यावर माझे हात हातात घेऊन बसून राहिली."

मी म्हटलं, मग नाही म्हणायचंस!

"म्हणत होतो की."

मग आलास कशाला?

"तुझा वाढदिवस होता ना."