पहाडीमागची लाली

चैत्र पौर्णिमा, धानोरा

दिवेलागणीला पहाडीमागं लाल उजेड दिसला. वणवाच वाटला. उन्हाळाभर हे वणवा विझवायच्या कामावर असतात. आज कितीतरी दिवसांनी घरी जेवत होते. हाक मारू की नको? मारलीच. "अवो, पहाडीत आग लागली वाटते!"

हे ताटावरून उठून धावतच बाहेर आले. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवर तो आला. केवढा! लालभडक, मोठ्या परातीएवढा.

"आग नाई वं, चांद होय तो," म्हणाले आणि अंगणातच बसले.

एवढा मोठा चंद्र मी कधी पाहिला होता का? आठवत नाही. आणि पहाडीकडं इतकं निवांत बघताना यांना तर आज पहिल्यांदाच पाहिलं. भाजी गार झाली. तरी जेवायला बोलवावंसं वाटलंच नाही.