तळघरातल्या आरशांसाठी आणखी एक तपासणी

प्रति,
मा. वास्तू व देखभाल अधिकारी,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत.

विषय : तळघरातील आमच्या खोलीची आणखी एकदा कंप-तपासणी करून मिळणेबाबत.

संदर्भ : आमचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर ‘कंप आढळून आला नाही’ असे आपले दोन अहवाल.

महोदय,

सविनय सादर करतो की, आपण हातातली फाईल क्षणभर मिटावी, खुर्ची जरा पुढे घ्यावी आणि सांगतो ती हकिगत ऐकून घ्यावी. अर्जात गोष्ट सांगायची नसते, हे मला कळते. पण मागचे दोन्ही अर्ज मी नियमाप्रमाणे कोरडे लिहिले, आणि त्यांचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. म्हणून या खेपेला जवळ बसून सांगतो. गोष्ट छोटी आहे आणि तिच्यात खोटे काही नाही.

भौतिकशास्त्र विभागातल्या आमच्या मॅडमनी विद्यापीठाच्याच परवानगीने काढलेली आमची कंपनी तळघरात आहे. मॅडम, आरसे बसवणारा तंत्रज्ञ आणि कागदपत्रे बघणारा मी, एवढाच आमचा संसार. तंत्रज्ञाच्या हातातला चिमटा जेवतानाही सुटत नाही, म्हणून त्याला सगळे चिमट्याच म्हणतात. आम्ही संशोधकांसाठी एक उपकरण बनवतो. त्यात दोन चिमुकले आरसे समोरासमोर असतात आणि मधली फट केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. त्या फटीत सोडलेला प्रकाश बाहेर पडायचे जणू विसरतो, या आरशावरून त्या आरशावर येरझारा घालत राहतो. मध्ये डोळ्याला न दिसणारा एखादा कण आला तरी प्रकाशाला तो जाणवतो आणि पडद्यावर कळतो. सगळे मिळून उपकरण जेवणाच्या डब्याएवढे, म्हणून आम्ही त्याला डबाच म्हणतो.

डबा बनवताना एकच वेळ नाजूक. फट बरोबर जुळली की पडद्यावर एक रेष ताठ उभी राहते. त्याच वेळी दुसऱ्या आरशाखाली गोंदाचा थेंब सोडायचा आणि जांभळ्या दिव्याखाली तो घट्ट होऊ द्यायचा. याला तासभर लागतो. एकदा घट्ट झाला की डबा मालगाडीतून गेला तरी हरकत नाही. पण त्या तासात आरसा थरथरता कामा नये. देवाची कथा गाऊन सांगणारे एका क्षणी थांबतात, साथ थांबते, आणि सगळी सभा श्वास धरून पुढच्या शब्दाची वाट बघते, अगदी तशी शांतता लागते.

भिंतीपलीकडे आपल्या कार्यालयाच्या जुन्या फायली आहेत. त्यांना बुरशी लागू नये म्हणून हवा खेळवणारे मोठे यंत्र बसवले आहे. ते रात्रंदिवस चालते. फायलींना मोकळी हवा मिळावी, याला आमची ना नाही. पण ते यंत्र आल्यापासून आमची रेष एकदाही उभी राहत नाही. टेबलाखाली रबर घातले, वाळूच्या पिशव्या घातल्या, सायकलच्या ट्यूबा फुगवून घातल्या. चिमट्या तर श्वास रोखून काम करू लागला. शेवटी मॅडम ओरडल्या, ‘‘अरे, त्या यंत्राला सांग श्वास रोखायला, तू कशाला मरतोस!’’ दुसरी जागा पाहावी, तर आरशाला चालेल इतकी बिनधुळीची खोली विद्यापीठात दुसरी नाही. हे आपल्याच कार्यालयाने लेखी कळवले आहे.

आता हा डबा कोणाचा, ते सांगतो. परगावच्या विद्यापीठात एक मुलगी पाण्यातले विषारी कण एकेक करून ओळखण्याची रीत शोधते आहे. आतून पाणी वाहू देणारा डबा तिला आमच्याशिवाय कोणी देत नाही. येत्या शुक्रवारी तिच्या विभागाची समिती बसते. मोजमाप दाखवले तर काम पुढे चालेल, नाहीतर तिची जागा बंद. मॅडमची ती जुनी विद्यार्थिनी. मला काका म्हणते. रोज फोन येतो, ‘‘काका, डबा निघाला का हो?’’ मी म्हणतो, ‘‘निघतोच आहे, बाळ.’’ परवा तीच म्हणाली, ‘‘काका, उगाच धीर नका देऊ. जमणार नसेल तर सरळ सांगा, म्हणजे मी बाटल्या रिकाम्या करायला घेते.’’ नदीनाल्यांतून, विहिरींतून स्वतः जाऊन भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, महोदय.

पहिल्या अर्जात यंत्र हलवावे, अशी विनंती केली होती. कंपाचा पुरावा नाही म्हणून ती अमान्य झाली, पण पुरावा घेण्यासाठी आपण तपासनीस पाठवलेत. गृहस्थ फार सज्जन. मात्र चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करण्यास सुरक्षा-नियमाने मनाई असल्याने त्यांनी आधी यंत्र बंद केले, मग भिंतीला मापक लावला, आणि कंप नाही असे लिहून घेतले. जाताना यंत्र पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या अर्जात, तपासणी यंत्र चालू ठेवून व्हावी, असे मी नम्रपणे सुचवले. तेच साहेब आले आणि पुन्हा यंत्र बंद केले. आम्ही तिघांनी त्यांना गराडा घातला. मॅडम फळ्यावर आकृत्या काढू लागल्या. ते म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं सगळं पटतंय हो. पण चालू यंत्रापाशी मला काही झालं तर माझ्या बायकोला कोण उत्तर देणार? तुम्ही?’’ मग भिंतीला तळहात लावून म्हणाले, ‘‘आणि किती शांत आहे इथे! एवढी शांतता माझ्या घरी असती तर!’’ तासभर हुज्जत चालली. ते गेले, यंत्र घरघरले, तेव्हा चिमट्याने पडद्याकडे बोट केले. तो सगळा तास रेष ताठ उभी होती. हवी होती ती शांतता आमच्याच खोलीत येऊन बसली होती, आणि आम्ही तिघे ती नाही म्हणून भांडत होतो. गोंदाची बाटली कोणी उघडलीसुद्धा नाही. मॅडम खाली मान घालून फळा पुसत राहिल्या.

त्यानंतर आपले पत्र आले की, तिसरी तक्रार निराधार ठरल्यास खोली काढून घेण्यात येईल. यंत्र तासभर बंद ठेवा, अशी साधी मागणीही मी आपल्या कक्षात येऊन केली. ‘तपासणीखेरीज यंत्र बंद करण्याची तरतूद नाही,’ असे उत्तर मिळाले. चिमट्या म्हणाला, ‘‘काका, वास येतो म्हणून लिहा, धूर येतो म्हणून लिहा, धावत येतील.’’ मी कागद घेतला, पण देवाला स्मरून सांगतो, हात चालला नाही. खोट्याने आणलेल्या शांततेत तो थेंब घट्ट होईल, असे मनाला वाटेना.

म्हणून उघडच मागतो. कृपया तिसरी तपासणी करावी, आणि ती गुरुवारच्या आत व्हावी. कंप आढळणार नाही, हे आम्हांस आधीच मान्य आहे. तपासनीस साहेबांशी कोणी एक शब्द बोलणार नाही. त्यांना बसायला खुर्ची देऊ आणि मापक सावकाश लावू देऊ; यंत्र बंद असलेल्या त्या तासात आमचा थेंब घट्ट होईल. त्यानंतर तक्रार निराधार ठरवून खोली घ्यावी. मॅडमना विचारूनच हे लिहितो आहे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘एक तरी डबा जाऊ दे.’’ पुढचे डबे कुठे बनवायचे, हे आम्हा कोणालाच ठाऊक नाही.

आपल्या टेबलावर अर्जांचा ढीग असतो, हे मी पाहिले आहे. हा अर्ज त्यात खाली गेला, आम्हा तिघांचा विसर पडला, तरी राग नाही. पण तिकडे एक पोर फोन जवळ घेऊन, भरलेल्या बाटल्यांसमोर बसली आहे. तेवढी तिची आठवण असू द्यावी.

आपला नम्र,
(सही)
व्यवस्थापक, आरसे-उपकरण कंपनी,
तळघर, भौतिकशास्त्र विभाग

दिनांक : सोमवार, कार्यालय उघडण्याच्या वेळी

सोबत :
१) ‘कंप आढळून आला नाही’ या तिसऱ्या अहवालाच्या कोऱ्या नमुन्यावर आमची आगाऊ संमतीची सही.
२) खोलीची एक किल्ली. दुसरी डबा रवाना झाल्यावर मी स्वतः आणून देईन.