ॲन्सेल्मच्या नावाचं शील्ड

गास,
ता. २० जानेवारी १९५३

ती. पीटरमामांस उर्सुलाचा सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन अठरा दिवस झाले. तुमची तार वेळेवर पोचली; तुम्ही तेवढे पोचला नाहीत. पाय दुखतो म्हणून कळवलंत. मातीला अख्खं गास लोटलं होतं. माणिकपूरहून बैलगाडी भरून तुमचे जुने खेळगडी आले, त्यातल्या एकाला तर डोळ्यांनी दिसत नाही. पण त्याचे पाय धड आहेत, हे खरं.

आता कामाचं. ईस्टरच्या सोमवारी फुटबॉलचे सामने भरवून बाबांच्या नावाचं शील्ड ठेवायचं पोरांनी ठरवलं आहे. शाळेचे हरिभाऊ मास्तर कमिटीचे मुख्य, आणि ते नावाला अडून बसले आहेत. ज्याने बायकोच्या सख्ख्या भावाचा पाय मोडला, त्याचं नाव शाळेच्या कपाटात ठेवलं तर पोरं काय शिकतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ती बायको नव्हती, पुढे झाली, असं मी सांगून पाहिलं. शेवटी मास्तर म्हणाले की ज्याचा पाय मोडला त्यानेच आपली तक्रार नाही असं लिहून द्यावं, मग शील्ड मी स्वतः डोक्यावरून मिरवीन.

तर मामा, चार ओळी हव्यात. आईने जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही. याहीबद्दल बोलत नाही, पण काल शाळेत जाऊन ते कपाट बघून आली.

लोभ आहेच; चार ओळी लिहिल्याने तो झिजणार नाही.

आपली,
उर्सुला


नाशिक,
ता. २७ जानेवारी १९५३

चि. उर्सुलास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आईच्या वाटणीची जीभही तूच उचलली आहेस, ती तिची तिला परत कर.

तुझ्या बापाची आठवण मी वेगळी कशाला काढू? ती माझ्या पायातच आहे, थंडी पडली की ठणकते. हल्लीची पोरं बूट घालतात, मोजे घालतात आणि पडली की लिंबूपाणी मागतात. आम्ही कापलेल्या भाताच्या खुंटांतून अनवाणी खेळायचो. ॲन्सेल्म गासचा बॅक. नडगीला खोबरेल चोळून उभा राहायचा. बॉल आला की आधी माणूस बाजूला करायचा, मग बॉल. घाईत कधी बॉल राहून जायचा. आगाशीच्या एका फॉरवर्डाने याला बघून पोटात दुखतं म्हणून खेळच सोडला, तो पुढे पाद्री झाला म्हणे. एकदा याने रेफ्रीची शिटी काढून खिशात घातली आणि आपले कान फार दुखतात म्हणाला. असा सज्जन मनुष्य!

या सज्जनाने १९३१ साली गासच्या शेतात माझा पाय मोडला. मग मला खांद्यावर टाकून हाडवैद्याकडे नेलं. मग दर रविवारी केळ्यांची फणी घेऊन चौकशीला आला, आणि चौकशी करता करता माझी बहीण घेऊन गेला. एका फाउलात एवढं कोणी मिळवलं नसेल. पुढे दर वर्षी सुकेळ्यांचं पुडकं धाडून पायाचा दंड भरत राहिला. आणि मी म्हणे तक्रार नाही असं लिहू! बावीस वर्षं वर्गात शिकवताना, लग्नाकार्यात मी हीच गोष्ट सांगतो आहे. ती काढून घेतलीस तर माझ्यापाशी उरतं काय?

तरी तुझा शब्द मोडत नाही. मास्तरांना दे: ‘ॲन्सेल्मने माझा एकच पाय मोडला, दुसरा उदारपणे सोडला. सबब माझी तक्रार निम्मीच आहे.’

तुझ्या आईला, मार्गारेटला म्हणावं, जिवाला जप. मामाचा राग मानू नये. आलाच तर पत्राने कळवावा.

तुझा,
पीटरमामा


गास,
ता. ६ फेब्रुवारी १९५३

ती. मामांस सा. न. वि. वि.

राग आला आहे आणि तो पत्राने कळवते आहे.

मास्तरांना विनोद कळत नाही. त्यांनी चष्मा पुसून तुमच्या ओळी दोनदा वाचल्या आणि घडी करून खिशात ठेवल्या. आता शील्डला त्यांच्या कैलासवासी सासऱ्यांचं नाव देणार आहेत. सासरेबुवांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रारही नाही. वीस तारखेला सुतार नाव कोरणार.

मी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून आले. बाबांचे धक्के खाल्लेले पुष्कळ निघाले, पण हाड मोडल्याचं तुमच्याखेरीज कोणी सांगत नाही. इतक्या वर्षांच्या खेळात त्यांनी नेमका तुमचाच पाय निवडला, हे नशीबच म्हणायचं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती बोंबील साफ करत ऐकत होती. संपल्यावर तिने तुम्हाला एवढंच विचारायला सांगितलं आहे की तो खेकडा बरा आहे का. मी विचारलं, कुठला खेकडा? तर म्हणाली, पीटरला कळेल.

उत्तर लवकर धाडा. लोभाचं मागाहून बघू.

उर्सुला


नाशिक,
ता. १२ फेब्रुवारी १९५३

चि. उर्सुलास अनेक आशीर्वाद.

म्हणजे मार्गारेटला ठाऊक आहे! इतकी वर्षं मला जेवायला वाढताना ठाऊक होतं. एवढं गप्प बसणारी बाई आमच्या घरात जन्मली कशी, आणि तिच्या पोटी तू कशी, दोन्हींचं मला नवल वाटतं.

ऐक. येत्या बुधवारी उपासकाळ लागतो. दर वर्षी मी फादरपुढे कुमसार केलं, सगळी पापं सांगितली, हे एक सोडून. त्या दिवशी ॲन्सेल्मने मला हातही लावला नाही. मी बॉल घेऊन कडेने धावत होतो, तो चार हात लांब होता, आणि माझा पाय बांधालगतच्या खेकड्याच्या बिळात गेला. माणिकपूरचा सेंटर फॉरवर्ड, सगळं माणिकपूर बघतंय, आणि पाडलं कोणी, तर खेकड्याने! तो मला उचलायला वाकला तेव्हा मी बोंब ठोकली की यानेच मोडला. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला खांद्यावर घेतलं.

त्याला ती कीर्ती आवडली असेल असं मी धरून चाललो. पुढे फॉरवर्ड त्याला बघून वाट सोडायचे ते माझ्या पायामुळेच, म्हणजे मी त्याच्यावर उपकारच केले, असं मनाला सांगत सुकेळी खात आलो. मातीला आलो नाही त्याचं कारण पाय नव्हे. त्याच्या पेटीला खांदा द्यायची मला लाज वाटली, पोरी. फार लाज वाटली.

सोबत मास्तरांना वेगळं पत्र आहे, त्यात खेकड्यासकट सगळं आहे. सर्वांसमोर वाचू दे. ईस्टरला मी येतो. हसणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसव.

तुझा खोटारडा,
पीटरमामा


गास,
ता. २२ फेब्रुवारी १९५३

ती. मामांस सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी मास्तरांनी तुमचं पत्र शाळेच्या पटांगणात मोठ्याने वाचलं. शील्डवर बाबांचं नाव कोरून झालं. मास्तर ते डोक्यावरून मिरवणार आहेत, फक्त ऊन उतरल्यावर.

गासचे म्हातारे मात्र तुमच्यावर खवळले आहेत. आमच्या ॲन्सेल्मने उभ्या जन्मात एकच पाय मोडला आणि तोही हा माणूस परत मागतो, म्हणतात. मेहुण्याच्या मायेपोटी पीटर खोटं लिहितो, खेकडाबिकडा काही नव्हता, असा त्यांनी निकाल दिला. तेव्हा मामा, खरं बोलायला जरा उशीरच झाला.

बाबा गप्प का राहिले, असं मी आईला विचारलं. तिने फळीवरून एक पुडकं काढलं. यंदाची सुकेळी. नाताळाच्या आधी बाबांनी अंथरुणात बसून बांधली, वर तुमचं नाव घातलं. अक्षर फार वाकडं आलं आहे. पाय मोडलाच नाही तर दंड कसला, म्हटलं. तेव्हा आईने सांगितलं की सामन्याच्या आदल्या दिवशी शेतातली बिळं चिखल-पेंढ्याने बुजवायची हे बाबांचं काम असायचं. त्या संध्याकाळी त्यांनी सगळी बुजवली. बांधाजवळचं एक राहून गेलं.

पुडकं टपालाने धाडत नाही. आईने तुमच्यासाठी फळीवर परत ठेवलं आहे. या.

आपली,
उर्सुला